हाताचं काम आणि मनाचं दुखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हस्तकलेतून उपचार म्हणजे नेमकं काय? छंदापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

संध्याकाळी मालिका बघता बघता स्वेटर विणला, तर तो छंद. पक्षाघातानंतर बोटं उघडत नाहीत म्हणून एखाद्या जाणकाराने तीच लोकर आणि जाड सुया हातात दिल्या, बसायचं कसं आणि किती वेळ हे ठरवून दिलं, दर आठवड्याला हात किती सैल झाला ते पाहिलं आणि त्या मानाने काम अवघड करत नेलं, तर तो उपचार. वस्तू दोन्हीकडे एकच. दुसऱ्या वेळी मात्र कोणीतरी माणसाकडे बघून काम निवडलेलं असतं.

यांच्या मधे एक तिसरी जागा आहे आणि तीच सगळ्यांत मोठी आहे: आजारी माणसासाठी दुसऱ्याने केलेली वस्तू, किंवा घरात कोणी गेल्यावर चार जणींनी एकत्र बसून केलेलं शिवण. त्याला उपचार म्हणता येणार नाही, पण ती निगा आहेच. खालची उत्तरं या तिन्हींबद्दल आहेत.

याची सुरुवात कुठे झाली?

वेड लागलेल्या माणसाला साखळीने बांधून ठेवणं ही युरोपात अठराव्या शतकापर्यंत नेहमीची गोष्ट होती. इंग्लंडात यॉर्क इथे विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ नावाचं घर सुरू केलं. तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. तिथे साखळ्यांऐवजी दिनक्रम होता: बायकांना शिवण-विणकाम, पुरुषांना बागेतलं आणि शेतावरचं काम. पॅरिसमध्ये फिलिप पिनेल हा डॉक्टर त्याच काळात याच विचाराने काम करत होता. पुढे मनोरुग्णालयं फुगत गेली, एकेका इमारतीत शेकड्यांनी माणसं कोंबली गेली, आणि कामातला उपचार मागे पडून नुसतं काम उरलं. त्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

दुसरी सुरुवात अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थकलेल्या, खचलेल्या बायकांना डॉक्टर सक्तीची विश्रांती देत. कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहायचं, वाचायचं नाही, हाताने काही करायचं नाही. हर्बर्ट हॉल या डॉक्टरला हे उलटं वाटलं. त्याने १९०४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड या समुद्रकाठच्या गावी रुग्णांसाठी हातमाग, लाकूडकाम, धातुकाम आणि कुंभारकामाच्या कार्यशाळा काढल्या. १९०६ मध्ये हार्वर्डने त्याला या प्रयोगासाठी १००० डॉलर दिले. बॉस्टनमध्ये सुसान ट्रेसी ही परिचारिका हेच आपल्या विद्यार्थिनींना शिकवत होती. यंत्राने माणसाच्या हातातलं कसब काढून घेतलं, असं सांगणारी रस्किन आणि विल्यम मॉरिस या इंग्रज विचारवंतांची कारागिरीची चळवळ तेव्हा जोरात होती. रुग्णाच्या हाती माग देण्यामागे तिचाही मोठा वाटा होता.

मार्च १९१७ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी जॉर्ज बार्टनच्या घरी मोजकी माणसं जमली आणि व्यवसायोपचाराची, म्हणजे कामातून उपचार करणाऱ्या शाखेची (ऑक्युपेशनल थेरपी), पहिली संघटना स्थापन झाली. जमलेल्यांत एक मनोविकारतज्ज्ञ होता, एक हस्तकला शिकवणारी बाई होती आणि वास्तुरचनाकार चक्क दोन होते. बार्टन त्यांतला एक. क्षयाने पोखरलेला, पायाची बोटं कापलेली, डावी बाजू लुळी पडलेला हा माणूस बागकाम आणि सुतारकाम करत स्वतःच सावरला होता. वैद्यकातली एखादी शाखा रुग्णाने सुरू करावी, असं क्वचितच घडतं.

युद्धाशी याचा काय संबंध?

फार जवळचा. पहिल्या महायुद्धातून हजारो तरुण हातपाय गमावून, डोळे गमावून, नाहीतर बॉम्बच्या आवाजाने हादरून परतले. ब्रिटनमध्ये जखमी सैनिकांना भरतकाम शिकवणारी संस्था निघाली. ती उभारण्यात अर्नेस्ट थेसिजर पुढे होता. तो नट, स्वतः खंदकात जखमी झालेला आणि भरतकामात तरबेज. सैनिकांनी भरलेलं वेदीचं वस्त्र लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आहे. ‘पुरुषांना सुईदोरा कसा द्यायचा?’ असं अजूनही विचारतात, त्यांना एवढं सांगितलं की पुरे.

हिंदी सैनिकही त्या युद्धात लाखांनी गेले होते. अपंग होऊन परतलेल्यांसाठी १९१७ मध्येच मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी तांत्रिक शाळा निघाली आणि काही वर्षांनी ती पुण्याजवळ खडकीला हलली. आजही ती तिथेच आहे. क्लिफ्टन स्प्रिंग्ज आणि मुंबई, वर्ष एकच. 

भारतात व्यवसायोपचार कधी आला?

रांचीजवळ कांके इथे १९१८ मध्ये मनोरुग्णालय उघडलं, ते फक्त युरोपियनांसाठी. तिथे १९२२ मध्ये व्यवसायोपचार विभाग सुरू झाला. म्हणजे ही सोय आली तीही आधी साहेबासाठीच.

आपल्यासाठी खरी सुरुवात १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली, आणि ती केली कमला विष्णू निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्न करून इथे आल्या, नाव बदललं, इथल्याच झाल्या. नंतर फिलाडेल्फियाला जाऊन रीतसर शिक्षण घेतलं आणि परत येऊन केईएममध्ये भारतातली पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. त्यांचं माहेर क्वेकर. यॉर्कच्या त्या घराचा धागा दीडशे वर्षांनी परळला येऊन पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. तिच्यापुढून रोज जाणाऱ्या किती जणांना नावामागची ही बाई माहीत असेल, कोण जाणे.

कुष्ठरोग आणि हाताचं काम यांचं नाव नेहमी एकत्र का घेतलं जातं?

कारण या रोगात आधी हात जातो आणि हाताबरोबर माणसाची पत जाते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ महारोगी सेवा समिती आणि आनंदवन उभं केलं, तेव्हा त्यांची भूमिका स्पष्ट होती: भिकेने माणूस मोडतो, कामाने उभा राहतो. झडलेल्या बोटांच्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले. आनंदवनातली सतरंजी विकत घेणाऱ्याला ती दयेपोटी घ्यावी लागत नाही, ती चांगली असते. माझ्या मते त्या प्रयोगाचं सगळ्यांत मोठं यश हेच.

पण उत्साहाच्या भरात विसरली जाणारी बाजू वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवली. कुष्ठरोगात बोटं रोगाने सडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे ती भाजतात, कापतात, घासतात आणि माणसाला कळत नाही. शस्त्रक्रियेने वाकडी बोटं सरळ केली, पुन्हा कामाला लावली, तर कामानेच नव्या जखमा होऊ लागल्या. करवत, पटाशी जितकी घट्ट धरायला हवी त्याहून कितीतरी घट्ट धरली जायची, कारण ‘आता पुरे’ हे सांगणारी वेदनाच नव्हती. मग हत्यारांच्या मुठी जाड आणि मऊ करणं, रोज हात डोळ्यांनी तपासणं, ही शिस्त उपचाराचा भाग झाली. मधुमेहाने बोटं बधिर झालेल्यांनी आज हे लक्षात ठेवावं. सुई टोचलेली कळत नसेल तर सुईचं काम तुमच्यासाठी नाही. क्रोशाची बोथट सुई किंवा माती घ्या.

आपल्याकडे हे सगळं आधीपासून होतंच ना? गोधड्या, वाती, जात्यावरच्या ओव्या?

होतं. पण हा प्रश्न अभिमानाने विचारला जातो आणि उत्तर तितकं सरळ नाही.

आधी चांगली बाजू. बाळासाठी दुपटं नव्या कापडाचं करत नाहीत. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं करतात, कारण ते कातडीला टोचत नाही. गोधडी किंवा वाकळ म्हणजे घरातल्या जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, कडेपासून आत आत येत घातलेला धावदोरा. पांघरणाऱ्याला माहीत असतं की हा तुकडा आजीच्या इरकलीचा, हा आत्याच्या लग्नातल्या साडीचा. आजी गेल्यावर तिच्या लुगड्यांची गोधडी शिवून घेणारी घरं अजून आहेत. यात उपचार, निगा आणि शोक हे कप्पे वेगळे करताच येत नाहीत.

तसंच गव्हले, नखुले, बोटवे. लग्नघरात बायका गोल बसून रव्याच्या पिठाचे तांदळाएवढे दाणे चिमटीत वळतात, गप्पा चालू असतात. बोटांची नाजूक हालचाल, सोबत आणि काम संपल्यावर डोळ्यांसमोर ताटभर ऐवज. व्यवसायोपचारतज्ज्ञाने मुद्दाम आखलेला तास याहून फार वेगळा नसतो.

आता दुसरी बाजू. गव्हल्यांचा मान सवाष्णींचा. त्याच घरातली विधवा कोपऱ्यात बसून वाती वळायची. दोन्ही कामं बोटांचीच, पण एक गोतात नेणारं आणि दुसरं गोताबाहेर ठेवलेल्या बाईला उरलेलं. वाती वळताना तिला शांत वाटत नसेल असं नाही. तरी त्याला ‘पारंपरिक उपचारपद्धती’ म्हणून मिरवू नये. अशाच बायकांसाठी रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्याला सेवासदन काढलं, तेव्हा शिवणाला पगाराची जोड मिळाली आणि शिवण्याचा अर्थच पालटला.

ओव्यांचंही तेच. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, सासरचा जाच आहे, विठ्ठलाशी भांडण आहे. आधार ओवीचा होता. पहाटे उठून पायलीभर दळणं हे कष्टच होते. गिरणी आल्यावर एकाही बाईने जात्यासाठी रडल्याचं ऐकिवात नाही.

म्हणजे तेच काम एकीला उपचार आणि दुसरीला शिक्षा असू शकतं?

हो, आणि या विषयातला कळीचा मुद्दा माझ्या दृष्टीने हाच आहे. काम कोणतं यापेक्षा ते कोणाच्या मर्जीने, कोणासाठी आणि ‘नको’ म्हणायची सोय आहे का, हे आधी बघावं.

मोठमोठ्या मनोरुग्णालयांत धुणं, स्वयंपाक, शेती, शिवण हे सगळं रुग्णच करत आणि कागदावर त्याला उपचार म्हणत. चांगलं काम करणाऱ्या रुग्णाला घरी सोडायची संस्थेला घाई नसे. हे जगभर झालं. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम २० ने आता स्पष्ट लिहिलं आहे की, रुग्णाला कामाची सक्ती करता येणार नाही, आणि त्याने काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागेल. नातेवाईक एखाद्या संस्थेत असतील आणि तिथे ‘व्यवसायोपचार’ म्हणून दिवसभर पाकिटं चिकटवून घेत असतील, तर हे कलम दाखवा.

हस्तकलेने माणूस नेहमी शांतच होतो का?

नाही, आणि व्हायलाच हवा असंही नाही. इंग्लंडात ग्रेट यारमथच्या अनाथ-निराधारांच्या आश्रमात, वेड्यांच्या विभागात, लोरिना बुलवर नावाची बाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ठेवली होती. तिने कापडाचे तुकडे जोडून कित्येक फूट लांब पत्रं भरली. लोकरीच्या रंगीत धाग्याने, सगळी मोठी अक्षरं, कुठे विराम नाही, आणि ओळीओळीत संताप: आपल्याला इथे का टाकलं, कोणी टाकलं. जर्मनीत ॲग्नेस रिश्टर ही शिवणकाम करणारी बाई अशीच कोंडलेली. तिने १८९५ च्या सुमारास रुग्णालयाच्या जाड्याभरड्या कापडातून स्वतःसाठी जाकीट शिवलं आणि आतून-बाहेरून अक्षरांनी भरून टाकलं. घामाचे डाग असलेलं ते जाकीट हायडेलबर्गच्या प्रिंझहॉर्न संग्रहात, म्हणजे मनोरुग्णांनी केलेल्या कलाकृतींच्या संग्रहात आहे.

दोघींनाही हे कोणी ‘लिहून दिलं’ नव्हतं. सुई त्यांच्या हाती होती ती शहाण्या रुग्णासारखं गप्प बसण्यासाठी, आणि त्यांनी त्याच सुईने तक्रार लिहिली.

घरात मृत्यू झाला आहे. अशा वेळी हाताच्या कामाचा काही उपयोग होतो?

काही जणांना होतो, आणि बहुधा एकट्याने करण्यापेक्षा सोबतीने. चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर हजारो माणसं पकडली गेली, कित्येक नाहीशीच झाली. त्यांच्या आया-बायका-बहिणी चर्चच्या आश्रयाने जमून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या: रांगेतल्या बायका, बंद दरवाजे, ‘ते कुठे आहेत?’ असा प्रश्न. काही चित्रांत तर त्या हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा वापरलेला असे. ती गुपचूप देशाबाहेर गेली आणि विकली गेली. घर चाललं, जगाला कळलं आणि रडायला एक खोली मिळाली.

अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या अंत्यविधीलाही लोक कचरत होते, तेव्हा क्लीव्ह जोन्सच्या कल्पनेतून स्मरण-गोधडी सुरू झाली. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याएवढा. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर ती पहिल्यांदा पसरली तेव्हा १९२० तुकडे होते.

घाई करू नका, एवढंच. गेलेल्या माणसाचे कपडे पहिल्या महिन्यात कापायला घेऊन नंतर हळहळणारे पुष्कळ असतात. ते नुसते ठेवून द्या. वर्षभराने कात्री लावली तरी चालते.

याला शास्त्रीय पुरावा आहे का?

आहे, पण व्हॉट्सॲपवर फिरतो तेवढा पक्का नाही.

२०१३ मध्ये ब्रिटनच्या व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात एक पाहणी छापून आली. जगभरच्या ३५४५ विणणाऱ्यांनी तिला उत्तरं दिली. जे वारंवार विणतात त्यांना अधिक शांत आणि आनंदी वाटतं, असं त्यांनी सांगितलं. अडचण उघड आहे: ज्यांना विणकाम आवडतं त्यांनाच विचारलं होतं. २०११ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ७० ते ८९ वयाच्या १३२१ लोकांकडे पाहिलं. विणकाम, गोधडीकाम यांसारख्या गोष्टी करणाऱ्यांत विसराळूपणाची सुरुवातीची अवस्था कमी दिसली, शक्यता ३० ते ५० टक्के कमी. पण विणल्यामुळे स्मरण टिकलं की स्मरण टिकल्यामुळे विणता आलं, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. २०१६ चा फिलाडेल्फियाचा एक प्रयोग: ३९ माणसं, ४५ मिनिटं माती, चिकटकाम, रंग. सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेत ताणाशी निगडित कॉर्टिसॉल कमी झालं. गट लहान, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता.

पक्षाघातानंतर हाताच्या हालचाली पुन्हा पुन्हा, अर्थपूर्ण कामात करून घेतल्याने फायदा होतो, याला मात्र चांगला आधार आहे. तिथे वस्तू गौण, सराव महत्त्वाचा.

‘मला काही जमत नाही, हात जड आहे.’

त्याने अडत नाही. फिलाडेल्फियाच्या त्या प्रयोगात ताण उतरण्याच्या बाबतीत पूर्वी कला केलेले आणि कधीच न केलेले यांच्यात फरक पडला नव्हता.

कोणत्या त्रासाला कोणतं काम?

सरसकट यादी देणं चुकीचं ठरेल, तरी काही गोष्टी बहुतेकांना लागू पडतात. संधिवात असेल तर बारीक स्टीलच्या सुयांपेक्षा बांबूच्या हलक्या सुया बऱ्या, आणि वीस मिनिटांनी हात ठेवायचाच, ‘ही ओळ संपवते’ म्हणायचं नाही. एकच हात चालत असेल तर भरतकामाची रिंग टेबलाला शिकंजाने पकडता येते. कंप असेल तर बारीक टाक्यांच्या वाटेला न जाता माती मळणं, जाड क्रोशा. नैराश्यात मोठी वस्तू अंगावर घेऊ नये. अर्धवट पडलेली चादर रोज टोमणा मारते. हातरुमालाएवढं काहीतरी घ्या.

स्मृतिभ्रंशाबद्दल थोडं सविस्तर. नातवाचं नाव विसरलेली आजी कापूस हातात दिला की वात सरळ वळते, कारण हाताची आठवण नावांच्या आठवणीपेक्षा उशिरा जाते. तिला मणी देऊ नका, तोंडात जातात. टोकदार सुई नको. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, रुमालांच्या घड्या घालणं ही कामं चांगली. पण एक पथ्य पाळा: सोललेल्या शेंगा खरंच भाजीत जाऊ द्या. पाठ फिरताच तिने घातलेल्या घड्या मोडून पुन्हा तिच्यापुढे ठेवायच्या, ही युक्ती सर्रास सांगितली जाते आणि मला ती अपमानाची वाटते. अस्वस्थ हातांसाठी परदेशी रुग्णालयांत लोकरीची नळकांडी देतात, आतबाहेर बटणं, फिती, झालर शिवलेली. घरी जुन्या स्वेटरच्या बाहीची सहज होते. बटणं मात्र पक्की शिवा.

रुग्णालयासाठी काही विणून द्यायचं आहे. काय द्यावं?

आधी विचारा, मग विणा. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस विणून देतात. नळ्या ओढण्याऐवजी बाळ त्याचे पाय धरतं, अशी कल्पना. ती लोभस आहे, पुरावा तोकडा आहे, आणि नवजात कक्षात जंतुसंसर्गाची धास्ती असते, म्हणून पुष्कळ रुग्णालयं नाही म्हणतात. राग मानू नका. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वापरायचे सुती धाग्याचे विणलेले कृत्रिम स्तन हे जास्त उपयोगी. सिलिकॉनपेक्षा हलके आणि उन्हाळ्यात सोसवणारे. अमेरिकेत सुरू झालेलं हे काम आता मुंबईतल्या बायकाही करतात आणि ते रुग्णांना फुकट मिळतात.

केलेल्या वस्तू विकाव्या का?

मार्बलहेडचा किस्सा ऐका. हॉलच्या रुग्णांसाठी सुरू झालेलं कुंभारकाम आर्थर बॅग्ज या तरुण कारागिराच्या देखरेखीखाली इतकं सुरेख होऊ लागलं की चार वर्षांत तो स्वतंत्र धंदा झाला. भांडी आज संग्रहालयांत आहेत, पण रुग्ण मधल्या मधे गळाले. बाजाराला सफाई लागते, वेळेवर माल लागतो. बऱ्या होणाऱ्या माणसाकडे नेमकं तेच नसतं.

उलट उदाहरणही आहे. ब्रिटनच्या तुरुंगांत कैद्यांना कोठडीत बसून भरतकाम करता यावं आणि त्याचे पैसे मिळावेत, म्हणून ॲन ट्री यांनी अनेक वर्षं खटपट केली. १९९७ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. तिथे पैसा हाच इलाजाचा भाग आहे. आपल्या कामाला कोणीतरी किंमत मोजली, हे त्या माणसाने आधी क्वचितच अनुभवलेलं असतं. तेव्हा विका, पण ऑर्डरची तारीख रुग्णाने ठरवावी.

औषधं बंद करून नुसतं हे करून चालेल का?

नाही. मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर लोकर बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

हे रीतसर शिकायचं तर कुठे?

व्यवसायोपचाराची पदवी मुंबईत केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, तसंच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मिळते. प्रवेश बारावी विज्ञानानंतर. एक मात्र आधीच सांगून ठेवते: अभ्यासक्रमात शरीररचना, मज्जासंस्था, हाताला आधार देणाऱ्या पट्ट्या बनवणं, मुलांचा विकास हे भरपूर आहे, हस्तकला त्या मानाने थोडी. ‘टोपल्या विणायला लावणारे’ म्हणून या लोकांची इतकी थट्टा झाली की त्यांनी स्वतःच टोपल्या मागे सारल्या. कला शिकवायची आवड असेल, रुग्णांत वावरायची तयारी असेल आणि पदवी नको असेल, तर एखाद्या वृद्धाश्रमात किंवा मतिमंद मुलांच्या कार्यशाळेत आठवड्यातून एक दुपार जाऊन पाहा. जाताना सामान जास्तीचं न्या, पहिल्या दिवशी निम्मं वाया जातं.